हात दे गं बाई

१२ जुलै, हिवरमाळ

पोचले एकदाची! माधवनगरहून विटा, विट्याहून दहिवडी आणि दहिवडीहून सीटावर चालणाऱ्या वडापच्या जीपमध्ये दोन शेळ्या, एक गॅसचा सिलिंडर आणि मी. शेळ्यांनी माझ्या ओढणीचं टोक चघळलं. माण तालुक्यानं केलेलं हे माझं पहिलं स्वागत.

हिवरमाळचं आरोग्य उपकेंद्र गावापासून जरा लांब, उघड्या माळावर आहे. पुढं तपासणीची खोली, मागं नव्या डॉक्टरची, म्हणजे माझी खोली, आणि मागच्या टेकाडावर पवनचक्क्या. सारखा घूं घूं आवाज येतो. पावसाळा म्हणायचा, पण ढग येतात, गावाकडं एकदा बघतात आणि वाऱ्याबरोबर पुढं निघून जातात. आमच्या सांगलीकडं या दिवसांत कृष्णा किती फुगली हे विचारतात. इथं टँकर आला का, एवढंच.

आईनं सामानात सगळ्यात वर पाणी गाळायची फडकी ठेवलीयत. आम्ही जैन, गाळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं, हे मला पंचविसाव्या वर्षी पुन्हा एकदा बजावून झालं. धाकटी बहीण भाग्यश्री, आमची भागू, स्टँडवर रडली. माझ्यासाठी नव्हे. बारावीचं वर्ष म्हणून आईनं तिचा मोबाईल काढून घेतलाय, त्यासाठी.

माझीही गत फार वेगळी नाही. फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला तरच रेंज येते. हातात घेतला की गेली. म्हणजे लोळत रील बघायचा माझा लाडका उद्योग बंद. म्हणून ही वही.

ऊन उतरत असताना पूजा नावाची मुलगी भाकरी आणि मुगाची आमटी घेऊन आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल, गेल्या वर्षी लग्न झालंय. तिच्या सासूनं, साळूबाईंनी, पाठवलं होतं. मला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं हे उपकेंद्राचं काम बघणाऱ्या आशाताईंकडून त्यांना कळलं होतं. मला एकदम बरं वाटलं.

१५ जुलै

गावात पुरुष म्हणजे म्हातारे, नाहीतर शाळेतली पोरं. बाकी सगळे मुंबईला. पूजाचा नवराही, कृष्णात, तिकडंच भाजी मार्केटात. तो गणपतीला येईल, मग दिवाळीला. पूजा त्याच्याशी बोलायला माझ्या खिडकीशी येते आणि मी बाहेर जायचं नाटक करते.

आज तिनं मला फेर बघायला नेलं. पंचमी जवळ आली की इथल्या बाया संध्याकाळी फेर धरतात. जागा गावाच्या खालच्या अंगाला, मुरमाचं एक गोल सपाट मैदान. तिथं काही पेरत नाहीत. पूर्वी विहीर होती, बुजवली, एवढंच पूजाला ठाऊक. सगळ्या हातात हात घालून गोल उभ्या राहिल्या आणि साळूबाईंनी सूर लावला. साठी ओलांडलेली बारीकशी बाई, पण आवाज असा की अंगावर काटा आला. त्या एकट्या म्हणतात:

हात दे गं बाई, हात दे, लई खोल मी उभी.

मग सगळ्या मिळून, पाय आपटत:

दिला गं बाई, दिला, शेजारणीला दिला.

पहिल्या ओळीला सगळ्या खाली वाकतात, दुसरीला ताठ होतात. किती साधं, आणि किती सुंदर!

एक गंमत पाहिली. मधेच एकीचं पोर रडायला लागलं. तिनं नुसता हात सोडला नाही. पोराच्या आत्याला बोलावलं, तिचे हात आपल्या जागी शेजारणींच्या हातात दिले आणि मगच निघाली. साळूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "हितं हात मोकळा सोडायचा न्हाई, म्याडम. जायाचं तर आपल्या जागी दुसरीचा हात द्यायाचा." का, विचारलं. "रीत हाय," म्हणाल्या आणि पदर खोचून चालू लागल्या. मलाही फेरात ओढत होत्या, पण मला त्या ओळी येत नव्हत्या. मी लाजून बाहेरच राहिले.

१९ जुलै

आज एक झकास काम केलं!

साळूबाई म्हसवडच्या बाजाराला गेल्या होत्या. पूजा म्हणाली, ताई, माझं एक रील करा की, ह्यास्नी दावायचंय. मी तयारच होते. परवाच साळूबाईंचा आवाज फोनवर घेऊन ठेवला होता. त्याखाली हलगीचा ठेका टाकला. बायांना मैदानात बोलावलं, फेर धरायला लावला आणि फोन उभा धरला, तर काय, फेर मावेचना! फार मागं गेलं की बाया मुंग्यांएवढ्या दिसायच्या, जवळ आलं की दोन दंड आणि एक पदर. शेवटी सगळ्यांना बाजूला केलं आणि एकट्या पूजाला मधे उभी केली. म्हटलं, तू तशीच नाच, दोन्ही हात पसरून, शेजारी बाया आहेत असं समजून.

एखादी बाई थोडी घुटमळली. पूजा मात्र काय नाचली! हिरवी साडी, पसरलेले हात, खाली वाकून वर बघणं. गाणं लांब होत होतं म्हणून मी दुसरी ओळ कापून टाकली आणि पहिलीच पुन्हा पुन्हा लावली. खाली लिहिलं: तुम्हीही हात द्या, पुढं पाठवा.

पूजानं ते रील पाहून माझ्या गळ्यात हात टाकले. तिचे तळवे गार होते. म्हटलं, किती घाबरलीस गं.

२३ जुलै

अगं बाई बाई! खिडकीतला फोन सकाळपासून थांबायला तयार नाही. आपलं रील कुठल्या कुठं पोचलंय. साताऱ्याच्या कॉलेजातल्या मुली, कुठल्याशा बँकेतल्या बायका, एक नवरी हळदीच्या अंगानं. सगळ्या एकेकट्या, हात पसरून, 'हात दे गं बाई'. लोक त्याला चॅलेंज म्हणायला लागलेत. कृष्णातनं मार्केटातल्या सगळ्यांना दाखवलं म्हणे. पूजा आज चालत नव्हती, तरंगत होती.

आईनं फोन करून विचारलं, ते तूच केलंयस का. भागूनं मैत्रिणीच्या फोनवर पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलंय. म्हटलं तिला सांग, आधी अभ्यास.

प्रतिक्रिया वाचत बसले. बऱ्याच नेहमीच्याच. एक जरा वेगळी होती. कुणीतरी लिहिलंय, शेजारी उभी आहे तिलाही नीट दाखवा की, नुसता हातच दिसतोय. मी रील थांबवून पाहिलं. पूजाच्या उजव्या हाताशी, अगदी कडेला, काहीतरी हिरवट आहे खरं. पदर असेल. मात्र पूजाची बोटं मिटलेली आहेत. मी तर तिला पंजे उघडे ठेवायला सांगितलं होतं.

२५ जुलै

पूजा आज तपासायला आली. तळव्यांना सारखी ओल येते म्हणते. पाहिलं तर बोटांच्या बेचक्यांत चिखल, लालसर, ओला. सगळ्या गावात ओली माती बघायला मिळत नाही आणि हिच्या हातात चिखल. धुतला. बोलता बोलता पुन्हा आला.

दोन्ही मनगटांना वळ आहेत. बोटांचे. सासूनं मारलं का, असं मी हळूच विचारलं. ती हसायला लागली, आत्तींनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही म्हणाली. मग हसू थांबलं. म्हणाली, "ताई, हात लय जड झाल्यात. खाली कुनीतरी लोंबतंय असं वाटतंय."

नाडी बघायला तिचा हात उचलला. मला तो दोन्ही हातांनी उचलावा लागला. नाडी एक नव्हती. दोन लागत होत्या, मागंपुढं.

मी डॉक्टर आहे. मलम दिलं, गोळ्या दिल्या. ती गेल्यावर माठाचं पाणी गाळलं तर फडक्यात लाल गाळ, आणि त्यात बांगडीचा हिरवा तुकडा.

२६ जुलै

ती सगळी रीलं पुन्हा पाहिली. कॉलेजातली मुलगी, बँकेतली बाई, नवरी. नाच सुरू होतो तेव्हा पंजे उघडे असतात. संपतो तेव्हा मिटलेले. सगळ्यांचे. कुणाच्या हातात काहीतरी असलं की बोटं जशी मिटतात, तशी.

नवरीनं नंतर दुसरा व्हिडिओ टाकलाय. मनगटं दाखवून विचारतेय, हे कशानं होतं, कुणाला माहीत आहे का.

२७ जुलै

साळूबाईंना कळलं. त्यांच्याकडं साधा फोन. कुणीतरी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. त्या भर उन्हात चालत आल्या, माझ्यावर ओरडल्या नाहीत, दारातच बसल्या आणि विचारलं, दुसरी ओळ कुठं गेली?

मी सांगितलं, कापली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या बाया त्या विहिरीत उतरायच्या, तळाशी बसून वाटीनं पाणी भरायच्या. एके दिवशी विहीर ढासळली. माती उपसली तेव्हा बाया सापडल्या, एकमेकींचे हात घट्ट धरलेल्या. सगळ्यात वरच्या बाईचा एक हात मात्र वर उघडा होता. त्या हाताला धरायला वर कुणीच नव्हतं. साळूबाई तेव्हा लहान होत्या. वरची बाई त्यांची आई.

तेव्हापासून पंचमीला तिथं फेर धरतात. खालच्या विचारतात, हात दे. वरच्या सांगतात, दिलाय, शेजारणीला दिलाय, मोकळा नाही. दरसाल विचारायचं, दरसाल नाही म्हणायचं. "न्हाई म्हनायाला जीव तुटतो, पन म्हनावं लागतं," साळूबाई म्हणाल्या. "तू माझ्या तोंडनं निस्तं इचारलंस. न्हाई म्हनलीच न्हाईस. आन् सून माझी मोकळ्या हातानं हुभी केलीस."

मी रील काढून टाकलं. लगेच, त्यांच्यादेखत. पण तोवर आवाज सगळ्यांकडं गेलाय. लोकांची रीलं मी कशी काढू? माझं काढून होईतो आणखी नवी आली होती.

मी तिथं असून मला काही कसं झालं नाही, हेही विचारलं. माझे दोन्ही हात फोन धरण्यात गुंतले होते, म्हणून, असं त्या म्हणाल्या.

२९ जुलै, पंचमी

आज त्यांनी पूजाला फेरात घेतलं. साळूबाईंचा विचार असा की दोन्हीकडून जित्या बायांनी हात धरले आणि दुसरी ओळ म्हटली, की सुटेल. सगळं गाव आलं होतं. पूजा नवी साडी नेसली होती, कृष्णातनं पाठवलेली. माझ्याकडं बघून हसली.

शेजारच्या बाया तिचे हात धरायला गेल्या. धरता येईनात. पूजानं बोटं उघडली, पंजा रिकामा दिसत होता, तरी त्यात हात मावेना. दोघी बाया घामाघूम झाल्या. एकीनं हात मागं घेतला तेव्हा तिच्या तळव्यावर चिखल होता.

साळूबाईंचा सूर पहिल्याच ओळीवर फाटला. त्यांनी गाणं थांबवलं, पण ओळ पुढं ऐकू येत राहिली. मला वाटलं कुणाच्यातरी फोनवर लागलंय. सगळ्यांनी आपापले फोन काढून पाहिले. सगळे बंद होते.

३० जुलै

भर दुपारी बोलवायला आले. पूजा मैदानात पालथी पडली होती. उजवा हात जमिनीत. खांद्यापर्यंत. मुरूम कसा असतो, पहार मारली तर ठिणगी उडते. भोक नाही, भेग नाही. जमीन तिच्या खांद्याला चिकटून बंद.

शुद्धीवर होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "ताई, खाली गार हाय."

म्हाताऱ्यांनी, बायांनी पहारींनी खणलं. मी हातानं खणलं. हात निघाला, शाबूत. दंडापासून मनगटापर्यंत बोटांचे वळ. एका हाताचे नव्हेत.

दवाखान्यात न्यायला जीप बोलावली. पूजा बसली की जीप हलेना. ती उतरली की सुरू. खालच्या तिला इथून नेऊ देत नाहीत.

३१ जुलै

साळूबाई सकाळीच मैदानात बसून आल्या. त्यांनी सुनेच्या जागी आपला हात द्यायचा म्हणून जमिनीवर ठेवला. तासन्‌तास. आईला हाका मारल्या. काही झालं नाही.

"माझा हात त्या घेत न्हाईत्या. मी जलमभर त्यास्नी न्हाई म्हनत आल्ये," म्हणाल्या. गावातली कुठलीच बाई चालणार नाही. सगळ्यांनी वर्षानुवर्षं ती दुसरी ओळ म्हटलीय.

सगळ्यांनी. मी सोडून.

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या. त्यांनी मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं.

पूजा भिंतीला टेकून बसलीय. डावा हात ओझ्यानं आता फरशीला टेकलाय.

१ ऑगस्ट

मला फार भीती वाटते. लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. आईला फोन केला, तर ती विचारत होती, पाणी गाळून पितेस ना. हो म्हटलं. चातुर्मास आहे, सांभाळून राहा म्हणाली. बरं म्हटलं.

पूजाला मी नाचवलं. लोकांना बघायला. तिला तर फक्त नवऱ्याला दाखवायचं होतं.

सकाळी मैदानात गेलो, तिघी. पूजाच्या हातांवर मी माझे हात ठेवले आणि म्हटलं, हिच्या जागी माझे घ्या.

गार. मग जड.

पूजाचे हात वर आले. तिनं ते तोंडासमोर धरले, उलटसुलट करून पाहिले आणि मोठ्यानं रडायला लागली. साळूबाई माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. मला त्यांना उठवता आलं नाही.

२ ऑगस्ट

पूजाला आज जीपनं तिच्या माहेरी, कुंडलला नेलं. जीप हलली. साळूबाई सोडायला गेल्यात, उद्या येतील. माझ्यापाशी बसते म्हणत होत्या. मीच पाठवलं. पूजाला एकटीला कसं सोडायचं.

माझा डावा हात पार त्यांचा झालाय. उजवा अजून माझा आहे. त्यांना घाई नाही. एकेक धरतात.

मला वाटलं होतं मी त्यांचा राग राग करीन. पण हात धरणारी बोटं लहान आहेत, भाकऱ्या थापून घट्टे पडलेली. ओढत नाहीत. लोंबकळतात. त्यांना फक्त वर यायचंय.

माझ्याबरोबर संपेल. असं धरून चाललेय. माझ्याबरोबर संपू दे.

३ ऑगस्ट, दुपार

संपलं नाही.

सकाळी खिडकीत फोन वाजला. आईचा व्हिडिओ. आमची गच्ची, पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे. फोन कशालातरी टेकवून ठेवलेला. भागू आणि आई. आई! जिला कधी हळदीकुंकवात उखाणा घ्यायला लावता आला नाही. लिहिलंय, तू इतकी नावाजलीस, भागूनं हट्टच धरला, आम्हीही केलं बघ. कसं झालंय कळव.

छान नाचल्यात. दोघी शेजारी शेजारी. मधले हात एकमेकींच्या हातात. बाहेरचे दोन पसरलेले, उघडे —

शेवटी मिटलेले.

फोन लावायला उचलला. रेंज गेली. परत गजाला टेकवला, टाइप करायला लागले — डावा हात एकदम खाली गेला. मी पडले. फोन पडला. कॉटच्या खाली, पार भिंतीशी.

हात मनगटापर्यंत फरशीत आहे. फरशी फुटलेली नाही.

पाय पुरत नाही. ओरडले. बाया कामावर, माळावर कुणी नाही, नुसत्या पवनचक्क्या. वही आणि पेन तेवढं हाताशी होतं.

फोन वाजतोय. तिथं खाली रेंज कशी? आईच असणार. कसं झालंय विचारायला —

थांबला.

पुन्हा वाजतोय —

साळूबाई येतील. संध्याकाळपर्यंत येतील. साळूमावशी, हे वाचता आलं नाही तर आशाताईंकडून वाचून घ्या आणि लगेच आईला कळवा. आधी हे. मग माझ्याकडं बघा —

आई, मधला हात. भागूचा. तो अजून जिता आहे, तो तुझ्या हातात आहे. धरून ठेव. जेवताना, बस्तीत दर्शनाला जाताना, झोपताना. बाहेरून कितीही ओढू देत. ती परीक्षेला बसली नाही तरी चालेल —

कोपरापर्यंत गेला.

उजव्या हाताला गार लागलं आत्ता. करंगळीपाशी. हळूच धरलंय, लहान मूल धरतं तसं —

आई सोडू नको. भागूचा हात सोडू नको सो